ठाण्याहून पाड्यावर: गाडीतलं ऑफिस उभं करताना

ठाणे जिल्हा म्हटला की घोडबंदर रोडचे टॉवर, वागळे इस्टेट, ऐरोली-महापेतल्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, जव्हार-मोखाडा तिकडे गेले, आणि इकडे आता खेडी उरलीच नाहीत असा बऱ्याच जणांचा समज झाला. उरलेल्या सात तालुक्यांत शहापूर आणि मुरबाड आहेत. शहापूर तालुका तर अख्खाच्या अख्खा अनुसूचित क्षेत्रात मोडतो. भातसा आणि तानसा ही धरणं इथलीच. मुंबईच्या नळाला पाणी इथून जातं, पण धरणामागच्या पाड्यावर एक फॉर्म अपलोड करायचा तर टेकडी चढावी लागते.

संस्थेत नव्याने रुजू झालेले, सर्व्हेचं काम घेतलेले, दाखल्यांची शिबिरं घेणारे, शेतीचा सल्ला देत फिरणारे, अशांसाठी हे लिहितो आहे. राहायला ठाणे, कळवा, ऐरोली नाहीतर कल्याण, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस काम डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसईच्या बाजूला. अशी मंडळी गाडीत ऑफिस करायचं ठरवतात तेव्हा पहिला फोन इन्व्हर्टरवाल्याला जातो. तो शेवटी करायचा असतो. का, ते पुढे येईलच.

पहिली पायरी: कामाच्या तीन वाटण्या

एक कोरा कागद घ्या आणि दिवसभरात तुम्ही करता ती सगळी कामं लिहा. मग प्रत्येकापुढे लिहा: घरी, गाडीत, की सॅकमध्ये.

सॅकमधलं काम म्हणजे माणसासमोर बसून करायचं काम. माहिती भरणं, फोटो, सही-अंगठा, कागद तपासणं, जागेचं मोजमाप. याला इंटरनेट लागता कामा नये. गाडीतलं काम म्हणजे दोन पाड्यांच्या मधलं: फाइलींना नावं देणं, फोटो लॅपटॉपवर उतरवणं, राहिलेल्या रकान्यांची यादी काढणं, रेंजमध्ये आल्यावर पाठवणं. बाकी सगळं घरचं. अहवाल, मोठं एक्सेल, डिझाइन, झूमवरची मीटिंग. मीटिंग गाडीतून करू म्हणणाऱ्याची निम्मी मीटिंग 'आवाज येतोय का?' यातच जाते.

सॅकची वाटणी मी वेगळी काढतो, कारण गाडी पाड्यापर्यंत पोचेलच असं नाही. डांबरी रस्ता गावठाणापर्यंत असतो. पुढच्या वाडीला बैलगाडीची वाट, ओढ्यावर साकव, नाहीतर बांधावरून पायवाट. गाडीत कितीही सुंदर टेबल बसवलं तरी शेवटचा किलोमीटर तुमच्या पाठीवरच जाणार. म्हणून सॅक आधी, गाडी नंतर. निदान महिनाभर तरी फक्त सॅक घेऊन फिरा: कसारा लोकलने आसनगाव किंवा खर्डी, पुढे एसटी किंवा वडाप जीप. गाडीत खरंच काय हवं ते या महिन्यात कळतं, आणि यादी निम्म्याने कमी होते.

दुसरी पायरी: कॅलेंडर

तांत्रिक गोष्टींआधी हे सांगणं भाग आहे, कारण माणसंच घरी नसतील तर तुमचं ऑफिस फिरून उपयोग काय.

जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सगळं गाव चिखलात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. त्यानंतर, दिवाळी झाली की, कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलाबाळांसकट, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीवर मागे म्हातारी माणसं राहतात. फेब्रुवारीत कातकरी वाडीवर सर्व्हेला गेलात तर कुलपं मोजून याल. ही कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या आसपासच्या भट्ट्यांवर असतात, म्हणजे तुमच्या घरापासून जवळ! काही कामं सरळ भट्टीवर जाऊन होतात, मात्र आधी मालकाशी आणि मुकादमाशी बोलून घ्यावं लागतं. होळीला बरेच जण दोन-चार दिवसांसाठी गावी येतात. तेव्हा भेट होते, पण सणाच्या दिवशी फॉर्म काढून बसू नका.

आठवडी बाजाराचा वार आधी विचारून घ्या. त्या दिवशी पाडा रिकामा, पण बाजारात सगळा परिसर भेटतो. निरोप द्यायला बाजारासारखी जागा नाही.

जायच्या दोन दिवस आधी आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला फोन करा. सरपंच आणि पोलीस पाटलांना कळवणं रीतीचं आहे आणि ते करावंच, पण कोणत्या घरी कोण आहे, कोण माहेरी गेलंय, कुणाचं आधार हरवलंय, हे आशाताईंनाच ठाऊक असतं. वनजमिनीत किंवा तानसा अभयारण्याच्या हद्दीत काम असेल तर वन विभागाची परवानगी लेखी घ्या आणि तिची प्रत गाडीत ठेवा. धरणाच्या भिंतीचे फोटो काढू नका, ड्रोन तर नाहीच.

तिसरी पायरी: रेंजचा नकाशा स्वतः तयार करा

कंपन्यांचे कव्हरेज नकाशे हिरवेगार दिसतात. डोंगराच्या सावलीत काय होतं ते त्यांत उमटत नाही.

फोनवरच्या काड्यांवर जाऊ नका. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये फोनबद्दलच्या माहितीत 'सिम स्टेटस' असतं, तिथे सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. उणे ८५-९० असेल तर निवांत काम होतं. उणे १०५च्या आसपास फोटो जातात, पण रडतखडत. उणे ११५च्या खाली गेला की काड्या दिसत असूनही डेटा हलत नाही. हे डेसिबलचं गणित सरळ नसतं. तीन डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दुप्पट किंवा निम्मी, त्यामुळे चार पावलं सरकल्याने, झाडाआडून बाहेर आल्याने काम होऊन जातं.

पहिल्या काही फेऱ्यांत प्रत्येक वळणावर, खिंडीत, शाळेजवळ, देवळाच्या ओट्यावर दोन्ही सिमचा आकडा वहीत टिपा आणि नकाशावर खूण करा. लवकरच तुमच्याकडे 'पाठवायच्या जागा' तयार होतील: अमुक फाटा, तमुक पाण्याची टाकी. दिवसाची आखणी मग या जागांभोवती करायची. सकाळी दोन पाडे, जेवणाच्या वेळी फाट्यावर, तिथे गाडी लावून सकाळचा माल चढवायचा, मग पुढचा पाडा.

सिम दोन हवीत, दोन वेगळ्या कंपन्यांची. जिओचं २जी-३जी नाहीच, त्यामुळे ४जी गेलं की साधा कॉलही गेला. एअरटेल किंवा व्हीचं (व्होडाफोन-आयडियाचं) २जी अशा वेळी निदान बोलण्यापुरतं उपयोगी पडतं. बीएसएनएलला नावं ठेवायची शहरात फॅशन आहे, पण काही दऱ्यांत टॉवर फक्त त्यांचाच असतो. म्हणून प्रीपेडचं एक स्वस्त सिम सॅकच्या कप्प्यात असू द्या. सरकारी निधीतून उभारलेल्या काही टॉवरांवर जानेवारी २०२५पासून दुसऱ्या कंपनीचं सिमही चालायला लागलं आहे. फोन आपोआप पकडत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून बघा.

गाडीसाठी फोनच्या हॉटस्पॉटपेक्षा सिम घालायचा ४जी राउटर बरा, तोही बाहेरच्या अँटेनाची जोडणी असलेला. पत्र्याच्या डब्यात बसल्याने सिग्नल पडतो, टपावर चुंबकाने चिकटणारी अँटेना लावली की तो भरून निघतो. वायर तीन-चार मीटरहून लांब घेऊ नका, नाहीतर अँटेनाने मिळवलेलं वायरीतच जिरेल. अँटेना दोन असाव्यात, कारण ४जी दोन वाटांनी एकदम डेटा ओढतं.

एक सावधगिरी. लॅमिंग्टन रोडला आणि ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' मिळतात. परवान्याशिवाय ते लावणं बेकायदा आहे, आणि त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडतं. सॅटेलाइट फोनचंही तसंच: विनापरवाना जवळ बाळगणं हाच गुन्हा. परदेशातून आलेल्या नातेवाइकाने भेट दिला असला तरी.

जिथे काहीच लागत नाही तिथे फोन एअरप्लेन मोडवर टाका. टॉवर शोधत बसलेला फोन दुपारपर्यंत बॅटरी संपवतो. जीपीएस एअरप्लेन मोडमध्येही चालतं, त्याचा इंटरनेटशी संबंध नाही.

चौथी पायरी: ऑफलाइन चालणारी साधनं

माहिती भरायला कोबो किंवा ओडीके कलेक्ट हे सर्व्हेचं अॅप घ्या. दोन्ही अँड्रॉइडवर चालतात. फॉर्म एकदा डाउनलोड केला की दिवसभर नेटशिवाय भरता येतो, रेंजमध्ये आलं की पाठवता येतो. फॉर्म मराठीत करा, आणि प्रश्न पाड्यावरच्या बोलण्यात बसतील असे ठेवा. 'आपल्या कुटुंबाचे उपजीविकेचे प्रमुख साधन काय?' असं विचारलंत तर समोरची मावशी शेजारणीकडे बघेल. 'पावसाळ्यानंतर काय काम करता, कुठे जाता?' असं विचारलंत की ती सगळं सांगेल. गूगल फॉर्मवर विसंबू नका, त्याला नेट लागतंच.

नकाशे आदल्या रात्री वायफायवर उतरवून घ्या. गूगल मॅपवर पाड्यांची नावं बऱ्याचदा नसतात किंवा भलत्या जागी असतात. शेताच्या हद्दी, विहिरी, वनहक्काचे प्लॉट नोंदवायचे तर क्यूफील्ड किंवा एसडब्ल्यू मॅप्स ही नकाशाची अॅप वापरा. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण तीन ते दहा मीटरच्या फरकाने जागा सांगतं. सागाच्या दाट झाडीत आणि कड्याच्या कुशीत हा फरक बराच वाढतो, त्यामुळे हद्दीच्या खांबाजवळ एक-दोन मिनिटं थांबून मगच नोंद घ्या.

फाइलींची नावं जागच्या जागी द्या: तारीख, पाडा, घर क्रमांक. 'आयएमजी' आणि पुढे आठ आकडे असे चारशे फोटो रात्री घरी उलगडत बसण्यात काही अर्थ नाही.

आणि कागद. तुमच्या ऑफिसात एक जाड वही, क्लिपबोर्ड, दोन निळी पेनं, स्टॅम्प पॅड आणि अंगठा पुसायला जुनं फडकं असलंच पाहिजे. फडकं विसरलं की शाई साडीच्या पदराला लागते, पुढच्या फॉर्मच्या कडेलाही. अंगठा घेताना पॅड पूर्ण ओलं नको. कष्टाच्या हातावर रेघा आधीच झिजलेल्या असतात, त्यात शाई जास्त झाली की नुसता काळा ठिपका उमटतो आणि फॉर्म परत येतो. बोट पॅडवर हलकं टेकवून, रद्दी कागदावर एकदा उमटवून, मग फॉर्मवर.

दाखल्यांसाठी पासपोर्ट फोटो लागतात. एक पांढरी चादर आणि चार चिमटे सॅकमध्ये ठेवा. घराच्या सावलीतल्या भिंतीवर चादर लावली, माणसाला उजेडाकडे तोंड करून उभं केलं की फोनवरही स्वच्छ फोटो येतो. उन्हात उभं केलं तर डोळे मिटतात आणि नाकाची सावली पडते.

पाचवी पायरी: वीज, आणि आता तो इन्व्हर्टरवाला

आधी हिशेब. लॅपटॉप ५० वॉट, पाच तास: २५० वॉट-तास. राउटर १० वॉट, सहा तास: ६०. इंकजेट प्रिंटर चालू असेल तेवढा वेळ धरून ३०. दोन फोन मिळून ३०. एक छोटा एलईडी दिवा आणि यूएसबी पंखा: ४०. बेरीज ४१० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये दहा-पंधरा टक्के वाया जातात, म्हणजे ४७०च्या आसपास. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ते घालूनच बेरीज करा. दुकानदार 'सर, दोन केव्हीए घ्या' म्हणेल, त्याला हा कागद दाखवा.

ही वीज कुठून आणायची? गाडीच्या मूळ बॅटरीतून नाही. ती इंजिन सुरू करण्यासाठी असते, लहान गाडीत ३५-४५ अँपिअर-तासांची. दुपारभर लॅपटॉप चालवलात तर संध्याकाळी स्टार्टर नुसता 'टक' करेल, आणि मग पाड्यावरची पोरं धक्का द्यायला जमतील. लायटरच्या सॉकेटचाही फ्यूज बहुधा दहा-पंधरा अँपिअरचा असतो. त्यातून फोन आणि ६५ वॉटच्या टाइप-सी चार्जरने लॅपटॉप चालतो, तोही इंजिन सुरू असताना. बाकी काही त्याला जोडू नका.

दुसरी बॅटरी हवी. शिशाची १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॉट-तास. पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला ६००. लिथियम आयर्न फॉस्फेटची ५० अँपिअर-तासांची बॅटरी ६४० वॉट-तास देते, त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनधास्त वापरता येतात. महाग आहे, पण एका हाताने उचलता येते, आणि ठाणे-नवी मुंबईत हा मुद्दा निर्णायक ठरतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसतो. कॉमन मीटरवरून वायर ओढलीत तर सेक्रेटरी काकांची चिठ्ठी येणारच. बॅटरी लिफ्टने घरी नेऊन रात्रभर चार्ज करायची, सकाळी खाली आणायची. शिशाची तीस किलोची बॅटरी रोज वरखाली नेणारा मी अजून पाहिलेला नाही.

ज्यांना वायरिंगच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी तयार पॉवर स्टेशन घ्यावं. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर एकाच डब्यात. नवख्याला माझा सल्ला हाच. घेताना आत आयर्न फॉस्फेटच आहे ना, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्यासारखी वीज देणारा, आहे ना, एवढं बघा.

वाटेत चार्ज करायचं तर डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे इंजिन सुरू असताना दुसरी बॅटरी भरणारा, ऑटो-इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, बॅटरीजवळ फ्यूजसकट. २० अँपिअरचा चार्जर तासाला साधारण अडीचशे वॉट-तास भरतो. माजिवड्याहून शहापूरला पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त बॅटरी भरलेली असते. माजिवडा ते वडपे या टप्प्यावरचा ट्रॅफिक इथे तरी कामाला येतो. सोलर पॅनल टपावर छान दिसतं. १०० वॉटचं पॅनल कडक उन्हात दिवसाला तीन-चारशे वॉट-तास देऊ शकतं, पण त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागते, आणि मग आत बसवत नाही. सोलर घ्यायचंच तर घडीचं घ्या. गाडी आंब्याखाली, पॅनल वायरीने बाहेर उन्हात.

दोन नियम पक्के. काचा बंद करून, एसीसाठी इंजिन सुरू ठेवून उभ्या गाडीत तासन्‌तास बसायचं नाही. एक्झॉस्टमधून गळणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत बॅटरी, पॉवर बँक, लॅपटॉप उन्हात सोडून जायचं नाही.

शाळेत किंवा कुणाच्या घरी प्लग दिसला की लगेच चार्जर खुपसायचा मोह आवरा. मुख्याध्यापकांना विचारा, घरधनिणीला विचारा. मीटरचं बिल त्यांना येतं.

सहावी पायरी: गाडी

नवी गाडी घेऊ नका. आहे ती वापरा, निदान एक पावसाळा.

घ्यायचीच वेळ आली तर सरकते दरवाजे आणि सपाट मागची जागा असलेली मारुती ईको या कामाला सोयीची. पाच सीटची घ्या, मागे जागा मिळते. सीएनजीची घेतलीत तर सिलिंडर ती जागा खातो, शिवाय पंपावरची रांग सकाळचा तास खाते. मुरबाडच्या आतल्या भागात, खडीच्या चढांवर नेहमीचं काम असेल तर बोलेरोसारखी उंच गाडी हवी. सीट काढून टाकणं, टेबल वेल्डिंग करून बसवणं, टपात भोक पाडणं हे गाडीतले कायमचे बदल झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये ते बसतात, त्यासाठी आरटीओची मंजुरी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. मागची सीट दुमडून, तिच्यावर प्लायची फळी आणि दोन बेल्ट लावले की हे सगळं टळतं. फळीची कडा रबराने झाका. एका हिसक्यात लॅपटॉपला पोचा पडतो.

प्रत्येक वस्तूला झाकणाचा प्लास्टिकचा डबा. मार्च ते मे लाल माती सगळीकडे घुसते, जून ते सप्टेंबर दमट हवा. प्रिंटरचा कागद झिप पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जुलैत उघडा राहिलेला कागद लाटेसारखा वळतो आणि दोन-दोन पानं एकदम ओढली जातात.

प्रिंटरबद्दल माझं मत थोडं कडक आहे: सुरुवातीला नेऊच नका. लेझर प्रिंटर तापताना पाचशे-हजार वॉटचा झटका घेतो, छोटा इन्व्हर्टर तिथेच बंद पडतो. इंक टँकवाला तिरपा झाला की आतली शाई सांडते. बॅटरीवर चालणारे प्रवासी प्रिंटर चांगले, पण महाग. कोरे फॉर्म घरून छापून न्या, हाताने भरा, झेरॉक्स शहापूर किंवा मुरबाडच्या नाक्यावर काढा. महिन्यातून चार-पाच शिबिरं होऊ लागली की मग प्रिंटरचा विचार करा.

सातवी पायरी: रस्ता आणि पाऊस

ठाण्याहून शहापूरला नाशिक महामार्ग. खारेगाव, मानकोली, रांजणोली हे टप्पे सकाळी सातच्या आत पार केलेत तर दिवस तुमचा. समृद्धी महामार्ग जून २०२५पासून आमण्यापर्यंत पूर्ण सुरू आहे, पण दुचाकीला तिथे बंदी, आणि शहापूरपुरतं जायचं तर जुना रस्ताच बरा. मुरबाडला कल्याण-शहाड-रायते मार्गे. रायत्याला उल्हास नदीचं पाणी चढलं की हा रस्ता बंद होतो. टिटवाळ्याजवळचा काळू नदीवरचा रुंदे पूलही दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पलीकडे अडकलात तर मुक्काम ठरलेला, म्हणून पावसाळ्यात औषधं, एक जोडी कपडे आणि दोन वेळचं खाणं गाडीत असू द्या. पुलावरून पाणी वाहत असेल तर स्थानिक माणूस गाडी घालतोय म्हणून आपण घालायची नाही.

नाक्यावर यूपीआय चालतं, पाड्यावर चालेलच असं नाही. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. पेट्रोल शहापूर-मुरबाडातच भरून घ्या. अंधारात उतरताना टॉर्च आणि बंद बूट हवेत. पावसाळ्यात मण्यार, घोणस दोन्ही निघतात. साप चावला तर मांत्रिक, पट्टी आवळणं, चिरा देणं यात वेळ न घालवता १०८ला फोन करून सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. १०८ लागेल अशी सगळ्यात जवळची जागा कोणती, ते तुमच्या रेंजच्या वहीत लाल पेनाने लिहिलेलं असावं.

आठवी पायरी: लोकांचे कागद

तुमच्या लॅपटॉपमध्ये शेकडो माणसांचे आधार, रेशनकार्ड, जातीचे दाखले, बँक पासबुकाचे फोटो जमा होतात. त्यांचं काही बरंवाईट झालं तर पाड्यावर पुन्हा तोंड दाखवता येणार नाही. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय ती कुणाला वाचता येणार नाही, फोनला पिन ठेवा, कागदांचे फोटो स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. जिथे चालतं तिथे शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क केलेलं आधार घ्या. मूळ कागद ताब्यात घेऊन गाडीत न्यायचे नाहीत, काहीही झालं तरी. 'दादा, तुम्हीच घेऊन जा, नंतर द्या' असं आजोबा आग्रहाने म्हणतात, तरी फोटो काढून जागेवरच परत द्या आणि पिशवीत ठेवल्याचं बघा. ओटीपी विचारायचा तर कशाचा ते आधी सांगून. फसवणुकीचे किस्से पाड्यांवरही पोचले आहेत, आणि संशय येणं बरोबरच आहे.

बोलताना मावशी, काका, दादा, ताई. लॅपटॉप मांडीवर उघडून त्याआडून बोलू नका. आधी ओट्यावर बसा, पाणी घ्या, पाऊसपाण्याचं विचारा, मग फोन काढा. गाडी खळ्यात किंवा दारासमोर लावू नका, विचारून कडेला लावा.

घरी परतल्यावर

कितीही दमला असाल तरी तीन गोष्टी त्याच रात्री. दिवसाची माहिती क्लाउडवर चढली की नाही ते बघायचं, आणि दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्यायची, जी लॅपटॉपच्या बॅगेत राहत नाही. बॅटरी वर आणून चार्जिंगला लावायची. आणि अर्धवट राहिलेल्या फॉर्मांची यादी करायची: कुणाचा फोटो राहिला, कुणाचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डवर दुसरं, कोण घरी नव्हतं. ही यादी सकाळी आशाताईंना पाठवा, लिहून नव्हे तर व्हॉइस मेसेज करून. त्या विहिरीवर जाता-जाता ऐकतात आणि दुपारपर्यंत निम्म्या घरांना निरोप पोचलेला असतो.